नकाशावर हिरवं, कागदावर कोणाचं? कोल्हापूरच्या मोकळ्या जागा आणि विकास आराखडा

शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर आज पोरं फुटबॉल खेळतात, सभा होतात, प्रदर्शनं भरतात. तिथं पूर्वी वरुणतीर्थ हा तलाव होता. कपिलतीर्थ मार्केटमध्ये आपण भाजी घेतो, तिथंही एके काळी पाणीच होतं. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. त्यातली बरीच तळी बुजली. कुठं मैदान झालं, कुठं मंडई, कुठं घरं. रंकाळा, कोटितीर्थ, राजाराम तलाव, कळंबा एवढी मोठी नावं उरली. तळं बुजवलं तरी जमीन सखलच राहते, म्हणून मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी तुंबतं आणि दरवर्षी त्यावरून ओरड होते. ज्या पिढीनं तळं बुजवायचं ठरवलं ती केव्हाच गेली. त्या निर्णयाचं पाणी मात्र आजची पोरं मैदानातून उपसतायत.

उलट उदाहरणही याच गावात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं. भर गावात, अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर एवढी मोठी जागा त्यांनी खेळासाठी दिली आणि शंभरहून जास्त वर्षं ती खेळाकडेच राहिली. त्या काळी राजानं मनावर घेतलं की काम होत असे. आज हाच निर्णय कायदा, नकाशा, हरकती, सुनावणी, अंदाजपत्रक आणि कोर्ट अशा अनेक टप्प्यांतून जातो. हे टप्पे माहीत नसले की एखादं मैदान हातचं कधी गेलं तेही कळत नाही. कुंपण पडतं, पत्रे उभे राहतात, तेव्हा गल्ली जागी होते. तोवर कागदावर सगळं संपलेलं असतं.

म्हणून आधी तो कागदच समजून घेऊ.

शहराचा विकास आराखडा, ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात, तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तयार होतो. पुढच्या वीस वर्षांत लोकसंख्या किती होईल, त्यांना रस्ते किती लागतील, शाळा, दवाखाने, मंडया, बागा, मैदानं, स्मशानभूमी किती लागतील, याचा अंदाज बांधून तो नकाशावर उतरवायचा असतो. कोणत्या जमिनीवर राहायची घरं होतील, कुठं दुकानं, कुठं कारखाने, कुठं शेतीच राहील, हे रंगांनी दाखवलेलं असतं. आपल्याकडे जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांच्या तोंडी ‘यलो झोन’ (राहायच्या घरांचा भाग) आणि ‘ग्रीन झोन’ (शेतीचा भाग) हे शब्द असतात ते इथूनच आले. या रंगांच्या वर आरक्षणं पडतात. अमुक रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर, म्हणजे जमिनीचा क्रमांक) मधली एवढी जागा बगिच्यासाठी, एवढी खेळाच्या मैदानासाठी, एवढी भाजी मंडईसाठी. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो.

कायदा म्हणतो की आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारला पाहिजे. कोल्हापूरचा दुसरा सुधारित आराखडा विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी मंजूर झाला. मोबाइल मोजक्या लोकांच्या हाती होता तेव्हाचा तो अंदाज. त्यातल्या प्रत्येक आरक्षणाचं वय आता पंचविशीच्या घरात आहे, आणि पुढं जे सांगायचंय त्यात हे वयच फार महत्त्वाचं ठरतं.

आरक्षण पडलं म्हणजे जागा महापालिकेची झाली, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. जागा ज्याची होती त्याचीच राहते. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर त्याचंच नाव असतं. फक्त त्याला तिथं आरक्षणाव्यतिरिक्त दुसरं काही बांधता येत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला तर जागा धरली जाते, पण तिकीट काढल्याशिवाय ती तुमची होत नाही. आरक्षणाचंही तसंच आहे.

जागा खरोखर महापालिकेची व्हायला तीन वाटा आहेत. पहिली, मालकाशी वाटाघाटी करून पैसे देऊन घेणं. दुसरी, पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देणं, म्हणजेच टीडीआर. मालक जमीन महापालिकेला देतो आणि बदल्यात त्याला बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो. तो हक्क तो स्वतः दुसरीकडे वापरू शकतो किंवा बिल्डरला विकू शकतो. राज्याच्या नियमांत दाट वस्तीच्या भागात जमिनीच्या साधारण तिप्पट आणि बाहेरच्या भागात दुप्पट टीडीआर देण्याची तरतूद आहे. तिसरी वाट सक्तीच्या भूसंपादनाची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे जवळपास दुप्पट. ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्कातल्या एका एकराचा आजचा भाव मनात आणा आणि त्याची दुप्पट करा. महापालिका हात का आखडते ते लगेच ध्यानात येईल.

आता या सगळ्या विषयातलं सर्वांत नाजूक कलम. अधिनियमाचं कलम १२७.

आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली गेली नाही, किंवा घेण्याची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीबरोबर मालकी हक्काची कागदपत्रं जोडायची. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत महापालिकेनं जागा घेतली नाही किंवा संपादनाच्या दिशेनं पाऊल टाकलं नाही, तर आरक्षण आपोआप संपतं. कायद्याच्या भाषेत ते ‘व्यपगत’ होतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधायला परवानगी आहे, तेच या जमिनीवरही बांधता येतं. शेजारी चार मजली अपार्टमेंट असेल तर इथंही अपार्टमेंट. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, मग बारा महिने झाली, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस. ‘पाऊल’ म्हणजे काय यावरही भांडणं झाली. सर्वोच्च न्यायालयानं गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली स्पष्ट केलं की नुसता ठराव करणं किंवा प्रस्ताव वर पाठवणं पुरेसं नाही. संपादनाची खरीखुरी कायदेशीर कार्यवाही सुरू झालेली दिसली पाहिजे.

इथं मालकाला खलनायक ठरवू नये. कोल्हापूरच्या कडेच्या भागात ज्यांच्या जमिनीवर आरक्षणं पडली, त्यातले कितीतरी जण साधे शेतकरी. पोरीच्या लग्नाला जमीन विकता येत नाही, घर बांधता येत नाही, कर्ज मिळत नाही, आणि महापालिका पैसेही देत नाही. अशी वीस-वीस वर्षं जमीन अडकवून ठेवणं हा अन्याय आहे, आणि कलम १२७ तो दूर करण्यासाठीच आहे. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. नोटीस येते आणि फाइलवर बसून राहते. चोवीस महिने जातात. गल्लीतल्या लोकांना, तालमीला, शाळेला, कुणालाच कळत नाही की आपल्या मैदानाची मुदत मोजली जातेय. महापालिकेनं नोटीस आल्या आल्या ती वेबसाइटवर आणि त्या जागेवर फलक लावून जाहीर केली, तर निदान लोकांना बोलता तरी येईल. अर्धी मैदानं या शांततेतच जातात असं माझं ठाम मत आहे.

मैदान हातचं जाण्याची दुसरी वाट आरक्षण बदलण्याची. कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो. त्यासाठीही सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा असतो. ‘किरकोळ’ म्हणजे आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही असा. एका मैदानाचं आरक्षण उठवणं कागदावर किरकोळ दिसतं. त्या पेठेत तेवढं एकच मैदान असेल तर ते अजिबात किरकोळ नसतं. अशा सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात येतात. त्या वाचायची सवय प्रत्येक भागातल्या दोघाचौघांनी तरी लावून घ्यायला हवी.

न्यायालयांनी बागा आणि मैदानांच्या बाजूनं कौल दिल्याची उदाहरणं आहेत आणि ती ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. बेंगळुरूत बागेसाठी ठेवलेली जागा खासगी दवाखान्याला देण्यात आली होती. दवाखानाही लोकोपयोगीच, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली तो फेटाळला आणि सांगितलं की बाग ही सगळ्यांची असते, ती खासगी संस्थेला देता येत नाही. लखनौच्या अमीनाबादमध्ये बागेखाली भुयारी बाजार बांधला गेला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं तो पाडून बाग पूर्ववत करायला लावली. बांधकाम झालं होतं, पैसा गेला होता, तरीही.

आता आपल्या कॉलन्यांकडे येऊ, कारण सामान्य माणसाच्या घराजवळचा खरा प्रश्न तिथं आहे. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना काही जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते. सध्याच्या राज्यव्यापी बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के जागा मोकळी ठेवणं बंधनकारक आहे. हिलाच आपण ‘कॉलनीची ओपन स्पेस’ म्हणतो. डीपीतल्या आरक्षणाहून ही वेगळी. हिच्यासाठी महापालिकेला पैसे द्यावे लागत नाहीत. प्लॉटधारकांनी प्लॉटच्या किमतीतच ती विकत घेतलेली असते.

पण मंजूर रेखांकनावर, म्हणजे प्लॉट पाडल्याच्या नकाशावर, ओपन स्पेस दाखवलेली असते आणि सातबारा मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहतो. वीस वर्षांनी वारस येतात, कागद पाहतात, आपलंच नाव दिसतं आणि ती जागा विकतात. घेणाराही कागद बघूनच घेतो. मग भांडण, मोजणी, कोर्ट. हे टाळायचं असेल तर रेखांकन मंजूर झाल्या झाल्या त्या जागेच्या प्रॉपर्टी कार्डावर ‘खुली जागा’ अशी नोंद करून घेणं हाच उपाय. जुन्या कॉलन्यांनी तर हे काम या वर्षीच हातात घ्यावं. नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत काढायची आणि ती घेऊन सिटी सर्व्हे ऑफिसात जायचं. कोल्हापुरात मालमत्ता ए पासून ई पर्यंतच्या वॉर्डांनी ओळखल्या जातात, तेव्हा वॉर्ड आणि रि.स.नं. बरोबर लिहा, नाहीतर फाइल टेबलाटेबलावर फिरत राहील. गुंठेवारीनं, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकून, झालेल्या वस्त्यांत हाही आधार नाही. तिथं मोकळी जागा सोडलेलीच नसते, म्हणून तिथल्या पोरांना खेळायला रस्ताच उरतो.

आपलेच लोक ओपन स्पेसवर मंडळाचा हॉल, मंदिर, वाचनालय बांधतात. हेतू चांगला असतो. पण मी अशा जागा पाहिल्या आहेत जिथं मध्ये स्टेज, कडेनं पेव्हिंग ब्लॉकचा ट्रॅक, एका कोपऱ्यात ओपन जिम, दुसऱ्या कोपऱ्यात शेड, आणि चेंडू टाकायला दहा पावलांची जागा शिल्लक नाही. सुशोभीकरणाचा निधी आला की तो खर्च करायला काहीतरी बांधावंच लागतं. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या, पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरवणाऱ्या गावात पोरांना सरावाला मोकळी माती मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

नदीच्या बाजूला गेलं की मोकळ्या जागेचा अर्थच बदलतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सुतारवाड्यातली माणसं दर पुरात आधी हलवावी लागतात, हे सगळ्यांना पाठ आहे. पण व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क इथंही होड्या चालल्या. पाणी फक्त नदीच्या काठानं येत नाही. जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून उलटं फुगून ते गावात शिरतं.

यासाठी पूररेषा आखल्या जातात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा हा निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, जिथं अटींवर बांधता येतं. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून लोक निर्धास्त होतात. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. तो लागोपाठही येऊ शकतो. आपण दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर पाहिले आहेत.

आता साधा हिशोब. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. पूरक्षेत्रातल्या एका एकरावर एक मीटर उंच भराव टाकला, तर तिथं मावणारं सुमारे ४० लाख लिटर पाणी दुसरीकडे जातं. ते नाहीसं होत नाही, शेजारच्या गल्लीत जातं. भराव टाकणाऱ्याचं घर कोरडं राहतं आणि पलीकडच्या जुन्या घरात पाणी शिरतं. म्हणून नदीकाठची उसाची रानं, गवताची कुरणं, नाल्याच्या कडेची सखल जागा ही ‘पडून असलेली’ जमीन म्हणून बघू नये. ती पुराच्या दिवसांत पाणी धरते. या जमिनी ग्रीन झोनमधून यलो झोनमध्ये नेण्याचा प्रत्येक प्रस्ताव म्हणजे शाहूपुरीतल्या कुणाच्यातरी तळमजल्याचा प्रश्न आहे, असं मानून तपासला पाहिजे.

मग शहरानं प्राधान्य कशाला द्यावं? केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. माणशी १० चौरस मीटर धरले तरी सुमारे ५४९ हेक्टर, म्हणजे साडेतेराशे एकरांच्या आसपास जागा लागते. शहराचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे शंभरातले आठ भाग फक्त बागा, मैदानं आणि अशाच जागांसाठी. जुन्या पेठांत फिरून बघा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ इथं हे प्रमाण गाठणं आता शक्यच नाही. तिथं नवीन मैदान निर्माण होणार नाही, आहे तेवढंच आहे.

माझं म्हणणं इथं अगदी सरळ आहे. वाहनतळ चार मजली बांधता येतो. मंडईवर मजला चढवता येतो. कार्यालय, दवाखाना, शाळासुद्धा उंच करता येते. मैदानाला दुसरा मजला नाही. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या गाड्यांसाठी जागा हवीच, त्यांच्यावर गावाचं पोट आहे. पण त्यासाठी मैदान वापरायचं ठरवताना गाड्यांचा प्रश्न उंचावर सोडवता येतो आणि पोरांचा नाही, एवढा विचार झाला पाहिजे. भूसंपादनाला अंदाजपत्रकात जो काही पैसा असेल तो आधी दाट वस्तीतल्या मैदानांच्या आणि नाल्याकाठच्या आरक्षणांवर खर्च व्हावा, बाकीच्यांवर नंतर.

हद्दीचाही प्रश्न याला जोडलेला आहे. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण पुढं कित्येक दशकं शहराची हद्द तीच राहिली. वस्ती मात्र हद्द ओलांडून उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडीत पसरली. २०१७ साली ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. हद्दवाढीच्या बाजूचे आणि विरोधातले लोक घरफाळा, पाणी, शेती यावर हिरिरीनं भांडतात, ते योग्यच आहे. पण या गावांत अजून मैदानांना जागा शिल्लक आहे, भाव गगनाला भिडायचे आहेत, गायरानं आहेत. आज तिथं नकाशावर मैदानं आखून ताब्यात घेतली तर ती स्वस्तात मिळतील. वीस वर्षांनी पाचगावची अवस्था मंगळवार पेठेसारखी झालेली असेल, आणि मग कुणाच्याच हातात काही नसेल, मग गाव हद्दीत असो की बाहेर.

नवा आराखडा जेव्हा प्रसिद्ध होतो, तेव्हा सूचना-हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. हरकतींवर नियोजन समितीपुढं सुनावणी होते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञ असतात. त्यानंतर आराखडा मंजुरीला राज्याकडे जातो. राज्यानं मोठे बदल केले तर त्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, तिकडेही लक्ष ठेवायचं. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध हे गाव महिनोन्महिने रस्त्यावर उतरलं होतं. आराखड्याला तेवढी गर्दी लागत नाही. प्रत्येक तालमीनं, प्रत्येक कॉलनीनं एकेक नीट लिहिलेली हरकत दिली तरी समितीला ती डावलणं जड जातं.

हरकत म्हणजे तक्रारीचं पत्र नव्हे. वॉर्ड, रि.स.नं. आणि आरक्षण क्रमांक लिहा. जागेचा आज काय उपयोग होतो ते फोटोसह दाखवा. जवळचं दुसरं मैदान किती दूर आहे ते लिहा. पावसात पाणी कुठवर येतं तेही लिहा. ‘मला सुनावणीत बोलायचं आहे’ हे वाक्य टाकायला विसरू नका आणि पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आराखडा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आपल्या वॉर्डातली बगिचा आणि मैदानाची आरक्षणं किती, त्यातली ताब्यात किती, यंदा भूसंपादनाला तरतूद किती, हे विचारा. आणि कलम १२७ खाली कोणत्या आरक्षणांवर नोटिसा आल्या आहेत, प्रत्येकीची तारीख कोणती, हे सगळ्यांत आधी विचारा. चोवीस महिने त्या तारखेपासून मोजले जातात.